सर्कलतात्यांचा फ्रान्स दौरा

आमच्या शेजारचे सर्कलतात्या रोज सकाळी दारातल्या बंद गाडीत डाव्या सीटवर बसतात आणि स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरून गाडी चालवतात. फ्रान्समध्ये स्टिअरिंग डावीकडं असतं, म्हणून हा सराव. गिअर मात्र खरा टाकतात, उजव्या हातानं. माई आतून ओरडतात, "अवो, ताट आणा! पोहे निवाय लागले."

"थांब गं, घाटात हाय."

तात्या महसूल खात्यात सर्कल होते, म्हणजे मंडल अधिकारी. इंदापूर तालुक्यातली निम्मी बांधांची भांडणं त्यांनी उभ्यानं ऐकली असतील. आता रिटायर झालेत, पण "स्थळपाहणी केल्याबिगर आपुन सही करत न्हाय" हे वाक्य सुटलेलं नाही. भाजी घेतानाही म्हणतात.

मी बारामतीला कॉलेजात जाते. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळं मला फ्रेंच येत असणार अशी तात्यांची खात्री होती. येत नाही, असं भीत भीत सांगितलं. "मग शीक की," म्हणाले.

मी एसटीतून उतरून घरी आले की आम्ही दोघं ओट्यावर बसून मोबाइलवर फ्रान्स बघायचो. तिथली खेडी, लांबच लांब शेतं, मधून जाणारा रस्ता.

"ह्याला बांध कुठाय?"

"दिसत नाही, तात्या."

"मग ही माणसं भांडत्यात कशावरनं?" त्यांना खरंच काळजी वाटली. नदीकाठचा एक जुना किल्ला दाखवला, तर बराच वेळ निरखून म्हणाले, "अतिक्रमण हाय."

हा सगळा खटाटोप वैशूताईसाठी होता. ती त्यांची एकुलती मुलगी. नवऱ्याबरोबर तिकडंच एका खेड्यात राहते. महिनाभर राहायला या, म्हणून सारखी मागं लागायची. पण तात्यांच्या घरात जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्याकडं जेवायचं नाही, मुक्काम करायचा नाही. तात्यांचे वडील कऱ्हाटीला तात्यांच्या बहिणीच्या, म्हणजे आपल्या लेकीच्या, दारात उभे राहून, पाणीसुद्धा न पिता माघारी यायचे, असं ते सांगतात. वैशूताईला मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हे माईंनी आईला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. तात्यांसमोर तो विषय कुणी काढत नाही. रीत मोडायची म्हटली तर तो काढावाच लागला असता.

म्हणून तात्यांनी दौरा असा आखला की रोज रात्री वेगळ्या गावात हॉटेल, आणि एका दुपारी वैशूताईच्या दारात गाडी थांबवून लोणचं द्यायचं, पुढं निघायचं. फोनवर तिला हे सांगितलं तेव्हा मी तिथंच होते.

"म्हणजे पोस्टमनसारखं?" वैशूताई म्हणाली. "मग येऊच नका, तात्या." आणि फोन ठेवला.

त्यानंतर चार दिवस तात्या गाडीत बसले नाहीत. माईंनी एकदा स्वतःहून ताट पुढं केलं, तरी नाही.

रविवारी माई गिरणीत गेल्या होत्या. तात्यांनी मला हाक मारली.

"मोबाइल काढ. वैशूचं गाव दाव. आता अलीकडं ये जरा. हां. हितं आपली गाडी बंद पडती."

"कशानं?"

"ते तितं गेल्यावर बघू." त्यांनी आवाज खाली आणला. "परका मुलूख, गाडी बंद, भाषा येत न्हाय. माणूस जाणार कुठं? अशा वक्ताला लेकीकडं थांबला तर त्याला मुक्काम म्हणत न्हाईत. अडचण म्हणत्यात. व्हय का न्हाय?"

"होय, तात्या."

"दुरुस्तीला किती दिस लागत्याल?"

मला गाड्यांतलं काही कळत नाही. तरी म्हटलं, "आठवडा?"

ते माझ्याकडं बघत राहिले. समोर उभे राहिलेले अर्जदार त्यांच्याकडं असेच बघत असतील.

"महिना लागेल," मी म्हटलं. "पार्ट लांबून यावे लागतात."

"मग महिनाच धर." त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "वैशूला आत्ता सांगू नको. गाडी बंद पडल्यावरच कळू दे."

मी मोबाइलमधल्या दौऱ्याच्या यादीतून पुढची हॉटेलं एकेक करून काढून टाकली.

"तात्या, मग पुढचा फ्रान्स राहिला की."

"राहू दे," तात्या म्हणाले. "शेतंच हायेत."