ग्राहकाने आपला वेग तपासावा

विश्वात कुठलीही गोष्ट उशिरा घडत नाही. बघणारा लवकर आलेला असतो. या थोर सत्याचा शोध एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, तोही तक्रार कक्षात.

कंपनीचं सॉफ्टवेअर ग्रहगोलांच्या हालचाली पडद्यावर दाखवायचं. जुन्या गणितानं बुधाची जागा किंचित चुकायची. (बुधाची तक्रार नव्हती.) मुख्य प्रोग्रामर बाईंनी कंबर कसून त्यात सापेक्षता (ज्याच्या वेगाप्रमाणे ज्याचं घड्याळ) घातली. बुध जागेवर आला, पण गणित इतकं वाढलं की सॉफ्टवेअर मुंगीच्या पावलांनी चालू लागलं. उद्याचं आकाश परवा दिसायचं.

ग्राहक खवळले. साहेबांनी परिपत्रक काढलं: 'सॉफ्टवेअर स्वतःच्या घड्याळाप्रमाणे वेळेवर आहे. ग्राहकाने आपला वेग तपासावा.' तक्रारी नव्वद टक्क्यांनी घटल्या. (उरलेले दहा टक्के अजून फोनवर ताटकळत होते.) परिपत्रक एवढं गाजलं की पगार, लिफ्ट आणि चहा हेही त्याच नियमानं येऊ लागले. बाईंना तर ते तोंडपाठ झालं.

अशात सूर्यग्रहण आलं. बाईंनी लेकीला कबूल केलं होतं, दोघी मिळून गच्चीवरून बघू. ग्रहण कधी लागतंय ते सॉफ्टवेअरनं सांगितलं, की निघायचं. वर्तमानपत्रात वेळ छापून आली होती, पण ती सापेक्षता न घालता काढली असणार, असा बाईंना दाट वहीम होता.

फोन वाजला. "आई, लागलं ग्रहण! ये ना गं लवकर!"

"छे गं, चंद्र अजून वाटेत आहे."

"अगं, खिडकीतून बघ की!"

"खिडकीचं काय घेऊन बसलीस? खिडकीत दशांश तरी दिसतात का?"

कचेरीत अंधारून आलं. बाईंनी दिवा लावला.

पडद्यावर ग्रहण लागलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ग्रहण लागल्याची वेळ सेकंदापर्यंत बरोबर निघाली होती, निघाली मात्र ग्रहण सुटल्यावर. बाई आनंदानं टुणकन उडाल्या आणि धावतपळत घरी पोचल्या. लेक काळा चष्मा कपाळावर चढवून जिन्यात बसली होती.

"असू दे, आई," ती समजूत घालत म्हणाली, "तू वेळेवरच आलीस. मीच लवकर बघितलं."

परिपत्रक तोंडपाठ असलेल्या बाई तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

हसताय ना? खुशाल हसा. फक्त 'हा काय, निघालोच' असं घरी कळवून तुम्ही अजून खुर्चीतच आहात. बाईंकडे निदान सॉफ्टवेअर तरी होतं.