बिनपट्ट्याचा लिंब

आमचे शेजारी गणपा मुकादम माणसांच्या आधी झाडांना रामराम घालत, तोही सालीवर तळहात ठेवून. बांधकाम खात्याचे मुकादम म्हणून भूम गावाकडे जाणारी सडक त्यांच्या ताब्यात होती. दरवर्षी सडकेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचं काम त्यांचंच, आणि ते करताना त्यांचा जीव तुटायचा. "इतकी गुणाची साल, आन् आमी ती झाकायची!"

पानाफुलांचं कौतुक त्यांना खपत नसे. "पान आज हाय, उद्या न्हाय. साल वाचा, मास्तर." मग भर उन्हात मला बाभळीच्या काळ्या भेगा, चिंचेच्या खपल्या, कांडोळाचे पांढरे पापुद्रे वाचायला लागत. माणसांनाही ते सालीवरून नावं ठेवत. आमचे हेडमास्तर बाभूळ. मी पेरू.

"गुळगुळीत. अजून काय सोसलं न्हाय."

मला राग यायचा. खरं होतं म्हणून जास्तच.

शाळेसमोरच्या एका कडुलिंबाला मात्र त्यांनी कधी पट्टे मारले नाहीत. एका साली पट्ट्यांचं काम चालू असताना नवे इंजिनिअर आले, त्यांनी तिथंच जीप थांबवली. "उद्या सकाळपर्यंत रंगवा, नाहीतर घरी बसा."

"घरी बसतो, साहेब. पर ह्येला न्हाय."

जीप गेल्यावर मी त्यांची समजूत घालायला गेलो. त्यांनी माझा हात धरून खोडावर कमरेएवढ्या उंचीवर टेकवला. सालीत एक जुना आडवा व्रण होता.

"आमची सोना. पाडव्याला हितं उभी करून खुरप्यानं खूण केली. म्हनलं, पोरगी वाढंल, झाडबी वाढंल, बघू कोन पुढं जातंय. उन्हाळ्यात देवीच्या साथीत गेली."

मी त्या व्रणावरून बोट फिरवलं.

"वाटलं हुतं, झाडासंगं खूण तरी वर चढंल. दर पाडव्याला मोजतो. न्हाय चढत, मास्तर. हाय तिथंच हाय, फकस्त रुंद झालीया."

झाड शेंड्याकडून वाढतं, खालचं खोड नुसतं जाड होतं, हे मी पाचवीला शिकवत होतो. त्या दिवशी मला ते सांगवेना.

"मुकादम, कुंचा द्या. तुम्ही खुणेवर हात ठेवा."

त्यांनी हात ठेवला. मी त्यांच्या बोटांभोवतीनं चुना फिरवला, वर गेरूचा पट्टा ओढला. थोडा त्यांच्या नखांनाही लागला.

चुना वाळेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.