पंचफुला मावशीचा हात

पंचफुला मावशी डावखुरी आहे की उजवी, हे त्या महिन्यात कोणाच्या मुलीचं लग्न आहे त्यावर अवलंबून असतं. दिवाळीआधी तिने मला उजव्या हाताने चहा दिला होता, तुळशीच्या लग्नानंतर डाव्या. माघात एका पोरीपायी ती महिनाभर करंगळी वर धरून जेवत होती. ती करंगळी त्या पोरीने लहानपणी दारात चेंगरून घेतली होती. मावशीची स्वतःची करंगळी चांगली धडधाकट आहे.

बोरी अरबला स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. मागे आम्ही राहतो आणि आमच्या भिंतीला भिंत लागून मावशीच्या दोन खोल्या आणि ओटा. तिचा धंदा रुखवताचा. लग्नात मुलीकडचे टेबल मांडून मुलीच्या हातचं भरतकाम ठेवतात. ताटावरचे रुमाल, उशांचे अभ्रे, दाराचं तोरण, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'कु. अमुक'. हल्लीच्या पोरी नर्सिंग करतात, बँकेत बसतात, त्यांना बटण लावता येत नाही. सगळं मावशीने भरलेलं असतं हे मांडवात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त बोलायचं नसतं. मात्र नवऱ्याकडच्या जुन्या बाया रुमाल उचलला की आधी उलटा करतात. गाठ कुठे मारली, दोरा कसा ओढला, यावरून सून कशी निघेल ते त्या सांगतात. आयुष्यभर लग्नांचे फोटो काढतोय म्हणून सांगतो, त्या फारशा चुकत नाहीत.

म्हणून मावशीचा नियम पक्का. नवरीने स्वतः ओट्यावर यायचं आणि चिंधीवर एक पान भरून दाखवायचं. मावशी चिंधीकडे पाहतच नाही. ती पोरीचा खांदा पाहते, सुई ओवताना जीभ कोणत्या बाजूने बाहेर येते ते पाहते, श्वास कुठे अडतो ते पाहते. मग एकदम म्हणते, "चढला." म्हणजे पोरीचा हात तिच्यावर चढला. पुढचं सगळं रुखवत त्याच हाताने होतं. पोरीचे टाके ढिले तर ढिलं, तिरके तर तिरकं.

यावरून ओट्यावर भांडणं होतात.

"पैसे देऊन वाकडं कायले घेऊ वो बाई?" एखादी आई म्हणते.

"तुह्या पोट्टीचा हातच वाकडा हाय," मावशी म्हणते. "उद्या सासू म्हनन, असाच आखीन एक भर. मंग काय मले आंदन देशीन?"

मग आई पैसे मोजते.

इथपर्यंत सगळी गंमतच. पण हात चढला की नुसता हात चढत नाही. दारव्ह्याची एक बाई तोरण न्यायला आली होती. तिने बाहेरून हाक मारली, आणि आतून तिच्याच मुलीच्या आवाजात उत्तर आलं, "आली वो आई, चप्पल तं घालू दे." मुलगी त्या वेळी यवतमाळला तिच्या ऑफिसात होती. बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली, ती पाणी पिऊनही उठेना. मावशी तोरण घेऊन बाहेर आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "काहून वो, ऊन लागलं का?" तिने विचारलं.

काम संपलं की मावशी चुलीतली राख दोन्ही हातांना चोळते, हात धुते आणि दाराकडे पाहून म्हणते, "जाय बाई, आपल्या घरी." झालं, हात उतरला. मी तिला चिडवायचो, "मावशी, एखादी नाही गेली तं?"

ती हसायची नाही. "थेच तं भेव हाय गजू. माहेर सोडून जाव वाटते का कोनाले?"

मागे एकदा तिच्या धंद्याला बोर्ड असावा म्हणून मी तिला फोटो काढायला बसवलं. "कोनाचा काढशीन?" तिने विचारलं. मला वाटलं, बाई लाजते आहे. नंतर कॉम्प्युटरवर पाहिलं तर एका फोटोत मान तिरकी, एकात ओठ मिटून हसू, एकात पदराचं टोक दातात धरलेलं. सगळे चेहरे ओळखीचे. त्या पोरींच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. मावशी कशातच नव्हती. शेवटी बोर्डावर पोपट छापला.

काम नसलं की ती ओट्यावर बसते ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, कोणी सांभाळायला दिल्यासारखे. समोर चहा ठेवला तर तो कोणत्या हाताने उचलावा याचा विचार करते. तोवर चहा थंड होतो.

यंदा आमच्या मुलीचं, आशूचं लग्न झालं. आशू डावखुरी आणि भरतकामात पक्की ढ. तिने पान भरलं ते चिंधीसकट स्वतःच्या ओढणीला शिवून टाकलं. मावशी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "चढला." रुखवत असं झालं, की नवऱ्याकडच्या बायांनी रुमाल उलटा करून पाहिला आणि गुपचूप खाली ठेवला. आशू हैदराबादला गेली.

घर खायला उठलं. मी दिवसभर स्टुडिओत, माझी बायको सुनंदा दुपारभर एकटी. ती मावशीकडे जायला लागली. आधी वाटी परत करायला, मग कोथिंबीर द्यायला, मग काहीच निमित्त न काढता. मला नवल वाटलं नाही. लग्न उरकलं की प्रत्येक पोरीची आई चार दिवस त्या ओट्यावर येऊन बसते. पोरगी अजून मावशीच्या हातात असते ना. मावशीही त्या आयांसाठी राख लावायला मुद्दाम उशीर करते. आमच्यासाठी मात्र तिने फारच उशीर केला. कळंबची एक चांगली ऑर्डर तिने परत पाठवली. आमचा कुत्रा शेरू, जो आशूशिवाय कोणाच्या पायाशी बसत नसे, तो मावशीच्या उंबऱ्यात झोपायला लागला.

एका दुपारी मी सुनंदाला बोलवायला गेलो. मावशी खाली बसली होती, सुनंदा तिच्या मागे पाटावर. मावशीचे पांढरे केस विंचरून ती त्यांच्या दोन वेण्या घालत होती, लाल रिबिनीच्या. मावशी डाव्या हाताने फुटाणे खात होती आणि मधूनच एक शेरूला टाकत होती.

"मावशी," मी म्हटलं. तिने वर पाहिलं नाही.

"पंचफुला मावशी."

"हळू ओढ न आई," मावशी म्हणाली.

न राहवून मी म्हटलं, "आशू."

तिने लगेच मान वळवली. "बाबा, जेवले का तुमी?"

खरं सांगतो, मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि तिथेच फतकल मारून 'नाही वो बाई' म्हणावंसंही वाटलं. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. "राहू द्या न थोडे दिवस," ती म्हणाली. "तिचं काय जाते?"

तिचं काय जातंय तेच मला दिसत होतं. चूल गार होती. तव्यावर एक भाकर कधीची करपून पडली होती. आणि बाईला स्वतःचं नाव ऐकू येत नव्हतं. मी तिच्यासमोर बसलो आणि धंद्याचं बोललो, कारण ते तिला कुठूनही ऐकू येतं.

"एक ऑर्डर हाय. पोपटाचा रुमाल."

तिचे डोळे जरा जागे झाले. "नवरी आन. पान भरू दे."

"नवरी इथंच हाय. कोपऱ्यात नाव टाकजो, कु. पंचफुला."

तिने हातातले फुटाणे खाली ठेवले. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे ते मलाही ठाऊक होतं. मावशी लहान असताना तिची आई तिला पोपट भरायला शिकवत होती आणि पोपट अर्धा असतानाच आई गेली. पुढे मामाकडे वाढली. मामाच्या पोरींची रुखवतं तिने त्यांच्या त्यांच्या हाताने भरली, वाहवा त्या पोरींची झाली, आणि हिचं लग्न करायचं सगळ्यांकडून राहून गेलं.

"माह्या हातचं पाह्याले कोन येईन, गजू?" ती म्हणाली. आवाज तिचा जुना, जाडाभरडा.

"मी येईन. सुनंदा येईन."

सुनंदाने रिबिनी सोडल्या. मावशीने चुलीतली राख घेतली, हातांना चोळली, हात धुतले आणि दाराकडे पाहून म्हणाली, "जाय बाई, हैदराबादले." शेरू उठला, अंग झटकलं आणि निघून गेला. सुनंदा पदर तोंडाला लावून घरी आली आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिची पोरगी दुसऱ्यांदा गेली होती.

त्यानंतर भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू यायला लागलं. कोवळा आवाज, मधेच अडखळणारा. आमच्या भागातल्या नवरीमुलींचे आवाज मला पाठ आहेत. हा त्यांतल्या कोणाचाच नव्हता. सुनंदा भांडी घासता घासता हात थांबवून ऐकायची.

मग एका सकाळी मावशी स्टुडिओत आली. बाकावर चढून बसली आणि पाय हलवायला लागली. पाठीमागे लपवलेला रुमाल तिने हळूच पुढे केला. पोपटाची चोच गळ्यातून निघाली होती, पाय एकच होता आणि हिरवा दोरा पुरला नाही म्हणून शेपटी लाल. कोपऱ्यात खाली घसरत गेलेली अक्षरं, कु. पंचफुला. इतक्या नवरीमुलींचे हात तिने उचलले, पण तिचा स्वतःचा हात आई गेली त्या दिवशी जिथे थांबला, तिथेच थांबून राहिला होता.

"चांगला झाला का?" तिने विचारलं. आवाज तोच, भिंतीपलीकडचा.

मी सुनंदाला हाक मारली. ती आली, हलणाऱ्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रुमाल हातात घेऊन जुन्या बायांसारखा आधी उलटा केला. एकेक गाठ तिने बोटाने दाबून पाहिली. मावशीचे पाय हलायचे थांबले.

"गाठी पक्क्या हायेत," सुनंदा म्हणाली. "हात चांगला हाय पोरी तुहा. चाल, जेवून घे. दुसरा पाय आपन दोघी बसून भरू."

मावशी बाकावरून खाली उतरली आणि तिने सुनंदाचं बोट धरलं. उजव्या हाताने धरलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला तेव्हा कळलं, मावशी उजवी आहे.