पोटातलं पाणी

नवी गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी बापूंनी एक छोटीशी चूक केली. त्यांनी आईला शब्द दिला.

"आई, रविवारी तुला मावशीकडे नेतो. अशी नेतो, की पोटातलं पाणी हलणार नाही!"

आधी चाचणी म्हणून आई बाजारापर्यंत फेरी मारून आली. परतल्यावर तिनं दार धरलं, कंबर धरली, शेवटी बापूंना धरलं आणि ती उतरली.

"पाण्याचं सोड रे, आतडी जागेवर आहेत का ते बघायला हवं," असं म्हणून ती आत जाऊन आडवी झाली.

गाडी देखणी होती, पण अंगानं भलतीच ताठ. चाकाखाली खडा आला तर तो कुठल्या बाजूनं चपटा आहे हे सीटवर बसून सांगता यायचं. आणि मावशीकडे जाणारा रस्ता म्हणजे खड्डेच खड्डे. पण जाणं भाग होतं. मावशीचे गुडघे गेले होते, आईची कंबर गेली होती आणि दोघी बहिणी कित्येक महिन्यांत भेटल्या नव्हत्या. फोनवर बोलणं संपलं तरी दोघींपैकी एकही फोन ठेवत नसे. नुसत्या गप्प बसून राहत. ते बघून बापूंना फार वाईट वाटायचं.

"बाबांची जुनी गाडी काय होती!" बापू बायकोला म्हणाले. (हे ती लग्नापासून ऐकत आली होती.) "फिकट निळा रंग, तापलेल्या रेक्झिनचा तो वास... ह्याच रस्त्यानं मावशीकडे जायचो. एक धक्का आठवत नाही मला. पाळण्यात निजल्यासारखं वाटायचं!"

"मग त्या वेळी रस्ता चांगला असेल."

"छे! ह्याहून वाईट होता!"

बापू पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क. त्यांनी विषय ऑफिसात काढला. कॅशियर म्हणाले, टायरातली हवा कमी करा. पंपवाले म्हणाले, डिकीत वजन टाका, गाडी दबून चालते. टायपिस्टबाई म्हणाल्या, सीटवर जाड रजई घाला. आता आलेली सूचना फेटाळायची तर कारण द्यावं लागतं, आणि ती सवय खात्यात कोणालाच नव्हती. बापूंनी तिन्ही सूचना मंजूर केल्या.

रविवारी सकाळी डिकीत वाळूची चार पोती, टायर अर्धपोटी आणि मागच्या सीटवर चौघडी रजई अशी गाडी निघाली. रजईमुळे आईचं डोकं छताला टेकत होतं, म्हणून ती मान वाकडी करून बसली होती.

"कसं वाटतंय, आई?"

"तू समोर बघ."

गाव मागे पडलं आणि पहिलाच गतिरोधक आला. पुढची चाकं चढली, उतरली. मग गाडी पोटावर टेकली आणि तिथंच बसली. बापूंनी रेस केली. नुसता आवाज झाला.

"अहो, आता?" बायकोनं विचारलं.

"आता... उतरा."

बायको उतरली, आई उतरली, पोतीही उतरली. तशी गाडी मोकळी झाली. पुढच्या खड्ड्यात बापूंनी सगळी वाळू ओतली. घामानं निथळत ते आईजवळ आले. ती रस्त्याकडेला रजईवर बसून हसत होती.

"तुझे बाबा अगदी असेच करायचे रे."

"वाळू भरायचे?"

"खड्डा आला की आम्हाला उतरवायचे आणि रिकामी गाडी पलीकडे न्यायचे. ती गाडी हिच्याहून दणके द्यायची! तू गाडीत बसलास की झोपायचास. मग तुला खांद्यावर टाकून मी चालत पलीकडे जायची."

इतकी वर्षं ज्या गाडीचं कौतुक सांगत आलो, तो आईचा खांदा होता. बापूंना एकदम भरून आलं. चष्मा पुसायला रुमाल काढला तर त्यालाही वाळू लागलेली.

"आणा इकडे किल्ली," बायको म्हणाली. "तुम्ही आईंना धरा."

पंपावर हवा भरून घेतली आणि मग बाबांच्याच पद्धतीनं प्रवास सुरू झाला. बरा रस्ता असला की सगळे गाडीत, खड्डे आले की बायको रिकामी गाडी पलीकडे नेई आणि बापू आईचा हात धरून मागून चालत. आई दमली की बसायला हवी म्हणून रजई त्यांच्या डोक्यावर. आई वाटभर बाबांच्या गोष्टी सांगत होती. घरी कधी न सांगितलेल्या. पुढचा खड्डा लवकर यावा असं बापूंना वाटू लागलं होतं.

मावशीच्या घराकडे वळणारा रस्ता तर नावालाच रस्ता. तिथं बायको गाडी घेऊन मागे राहिली, चांगली वाट शोधत. मावशी ओसरीत खुर्चीवर वाट बघत होती. बहिणीला बघून तिनं दोन्ही हात पुढे केले. आई जवळ जाऊन बसली आणि दोघी एकमेकींचे हात धरून पुष्कळ वेळ रडल्या, हसल्या.

"प्रवास कसा झाला गं?" मावशीनं डोळे पुसत विचारलं.

"पोटातलं पाणी हललं नाही," आई म्हणाली.

बापूंची छाती फुगली. तेवढ्यात मावशीचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. धुळीनं माखलेले पाय, घामेजलेला सदरा, डोक्यावर रजई. ती आईच्या कानाशी वाकली आणि, ऐकू कमी येत असल्यामुळे, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली,

"बापूची गाडी बँकेनं ओढून नेली का गं?"