बटण दाबून हात जोडले!

“सुचिता, आज या म्हाताऱ्या लॅपटॉपला तरुण करून दाखवतो! जुनी प्रणाली जागच्या जागी, शेजारी नवंकोरं लिनक्स. एका घरात दोन भाऊ नांदावेत तसं!”

“तुम्ही नि भावोजी नांदता, तसं?” सुचिता हळूच म्हणाली.

कमलेशने ऐकलंच नाही. घरचा जुना लॅपटॉप उघडेपर्यंत इकडे भात शिजून निवायचा! उद्या तर लेकीची, भाविकाची हळद. भाविकाची आजी, ठमाबाई, साऱ्या नागावची धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणजे धवले गाणारी. तिच्या धवल्यांवाचून नवरीला हळद लागत नसे. पण यंदा ओळीने लग्नं गाऊन तिचा आवाजच बसला. डॉक्टरांनी बजावलं, “लग्न होईपर्यंत एक शब्द नाही!” म्हणून गेल्या वर्षी रेकॉर्ड केलेले तिचे धवले लॅपटॉपवरून स्पीकरवर लावायचं ठरलं.

“आईंच्या गाण्यांना धक्का नाही ना लागणार?”

“अगं, पेनड्राइव्हवरही आहेत की!”

लिनक्स बसायला लागलं आणि सुचिता पदर तोंडाला लावून बघत राहिली. पडद्यावर मधोमध एक रेघ. कमलेशने ती सरकवली. अलीकडे जुनं, पलीकडे नवं. ना मोजणीवाला, ना बांधावरून मारामारी! एवढ्याशा डब्यात दोन संसार मांडून देणाऱ्याला तिने मनातल्या मनात नमस्कारच केला.

“झालं! आता परत सुरू करू.”

त्या घरात कुठलंही यंत्र सुरू केलं, की सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडायचे. हा सुचिताचा नेम. टेम्पो असो, पंप असो. मिक्सरलाही सूट नव्हती. त्यापायी दोनदा झाकण उडून चटणी छताला चिकटली होती, तरी नेम चुकला नव्हता.

कमलेशने बटण दाबलं. हात जोडले, डोळे मिटले. सुचिताने गणपतीचं स्तोत्र म्हटलं. डोळे उघडले तर समोर लिनक्स, झगझगीत!

“आणि जुनं?”

“येईल की,” कमलेश म्हणाला आणि पुन्हा बंद-चालू केलं. पुन्हा स्तोत्र. पुन्हा लिनक्स! नव्यातून जुन्याचं दार ठोठावून पाहिलं, उघडेना.

“पेनड्राइव्ह आणा ना!”

कमलेशचा चेहरा सुकल्या बोंबलासारखा झाला. “तो... पुसला. लिनक्स त्याच्यातूनच तर बसवलं!”

भाविका रडायलाच लागली. “आजीच्या गाण्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही!”

सुचिताने तिथल्या तिथे चहा सोडला. धवले मिळेपर्यंत घोटभरही नाही! पुढच्या खेपेला गणपतीपाठोपाठ मारुतीलाही साकडं घातलं. लिनक्स! डोळे उघडले तेव्हा बाजेवर बसलेल्या ठमाबाई पडद्याकडे बोट नाचवत होत्या.

“आई दिवा लावायला सांगतायत!” सुचिता उठली. लॅपटॉपपुढे समई आली. पुन्हा बटण, आणखी लांब प्रार्थना, पुन्हा लिनक्स. ठमाबाईंनी आता कपाळावर हात मारला.

“कुंकू राहिलं!”

लॅपटॉपच्या कपाळी कुंकू लागलं. कमलेशने बटण दाबलं, सगळ्यांनी डोळे मिटले, सुचिताने कुलदेवीला हाक घातली, एवढ्यात ठमाबाईंची काठी कमलेशच्या पाठीत बसली आणि चरकात ऊस जावा तसा आवाज आला,

“डोले उघरा रं, मेल्यानो!”

डोळे उघडले. पडद्यावर काळं पान, त्यावर पांढऱ्या ओळी आणि खाली उलटे पळणारे आकडे! शेवटच्या ओळीत जुन्याचं नाव. कुठलं उघडू, असं लॅपटॉप दर वेळी विचारत होता आणि उत्तर मिळेना म्हणून बिचारा आपल्याच मनाने लिनक्सच्या दारात जात होता!

कमलेशने झडप घालून बाणाचं बटण दाबलं. जुनं उघडलं. कण्हत, कुथत, पण उघडलं! आणि धवले लावताच ठमाबाईंचा खडा सूर ओटीवर उभा राहिला. भाविकाचं रडं थांबलं. वाडीतले माड ऐकत असावेत इतकी शांतता. काठी टेकून बसलेली, आवाज हरवलेली म्हातारी स्वतःचंच गाणं ऐकत होती. सुचिताचे हात आपोआप जुळले. पण डोळे काही मिटवेनात!

“आई, आधी नाही का सांगायचं?” कमलेश पाठ चोळत म्हणाला.

ठमाबाईंनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांचा हुकूम!

सुचिताचा नेम अजून चालू आहे. फक्त आता ती एक डोळा उघडा ठेवते. देवाने काही मनावर घेतलेलं दिसत नाही. उलट मिक्सरचं झाकण उडायचं थांबलंय!