बिनमाशाचा पास्ता

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. तरीही माशाशिवाय माशाची चव पास्त्यात कशी उतरवावी, या विषयातला माझ्याइतका अधिकारी माणूस निदान आमच्या इमारतीत तरी तुम्हाला सापडणार नाही! हसू नका. चंद्रावर पाऊल न ठेवता लोक चंद्राचे नकाशे काढतातच की!

या विद्वत्तेला कारण माझे सासरे. त्यांनी उभा जन्म मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी म्हणून काढला. वादळात जहाज आडवं होत असताना सुपाचा थेंब न सांडता वाढणारा माणूस! सासूबाई गेल्या, ते एकटे पडले, आणि मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून खरोखरचे पडले. तेव्हा बायकोने त्यांना जवळजवळ उचलूनच आमच्याकडे आणलं.

पण आमच्याकडे आल्यापासून ते जेवेनात. दोन घास घ्यायचे, "छान आहे हं," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. विजार इतकी ढगळ झाली की सासरे उठले तरी ती खुर्चीतच बसून राहील की काय, अशी मला धास्ती वाटू लागली. शेवटी एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "रविवारी मी आपल्या घरी जातो."

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. शेजारचं दार कायम कुलूपबंद.

"तिथे बाबा पुन्हा पडले तर कुणाला कळणारसुद्धा नाही रे," बायको म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. माझी बायको सहसा रडत नाही, ती काम नेहमी दुसऱ्याकडून करून घेते. त्यामुळे मी हादरलो.

"बाबा जाणार नाहीत," मी म्हणालो. "शब्द देतो!"

"तुझ्या शब्दाने त्यांना भूक लागणार आहे का?"

भूक का लागत नाही, हे मी तत्काळ ओळखलं होतं. ज्याचं आयुष्य माशांवर पोसलं, तो आमच्या घरी जगणार कसा? आमच्या स्वयंपाकघरात कायदा माझ्या आईचा. तिथे माशाचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा लागत नाही. स्वयंपाक मात्र गेलं वर्षभर मी करतो. माझा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी मला पथ्य सांगितलं, आणि मी मन मोठं करून ते साऱ्या घराला लावलं. तेव्हापासून घरात कसं हलकं, निर्मळ जेवण असतं. कुणाची कधी तक्रार नाही!

सासरे एकाच पदार्थाविषयी बोलताना खुलत. जहाजावरचा पास्ता. तेलात लसूण, त्यात खारवलेली इवलीशी मासळी. "जावईबापू, ती तेलात विरघळते," ते सांगत, "दिसत कुठेच नाही, पण असते सगळीकडे!" हे वर्णन मी आजवर फक्त परमेश्वराचं ऐकलं होतं.

म्हणजे काम उघड होतं. मासा काढायचा आणि त्याचं 'सगळीकडे असणं' तेवढं ठेवायचं!

मी अभ्यासाला लागलो. मोठ्या बाजारात जाऊन काळे ऑलिव्ह आणले. केपर्स आणले. या केपर्स म्हणजे कुठल्याशा झुडपाच्या मिटलेल्या कळ्या, कसल्याशा पाण्यात मुरवून बाटलीत कोंबलेल्या. सोयाबीन आंबवून केलेला मिसो नावाचा तपकिरी लगदा आणला. वाळवलेली अळंबी आणली. आणि सगळ्यांचा राजा, समुद्री शेवाळ! कागदासारखे काळे पापुद्रे. एक तुकडा पाण्यात टाकला, तर तो आळस देत उलगडला आणि बघता बघता हिरवागार, झुलता पाला झाला. वाटीत समुद्र उगवला होता! मी किती वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसलो होतो. दूध उतू गेल्यावर भानावर आलो.

अडचण एकच. मासा कसा लागतो, हेच मला ठाऊक नव्हतं! चव आली की थांबायचं, पण आली हे कळणार कसं? पहिल्या खेपेला मी सगळं थोडं थोडं तेलात परतलं आणि बोटाच्या टोकावर कणभर घेऊन जिभेला लावलं. आणि काय सांगू! जिभेला झिणझिण्या आल्या. गालांच्या आतून पाणी सुटलं. कानामागे काहीतरी हललं. असला अनुभव वर्षभरात आला नव्हता. पातेल्यासमोर हात जोडायचेच काय ते बाकी राहिले. हाच तो! हाच मासा!

खात्रीसाठी बायकोला बोलावलं. ती माहेरी मासे खायची, लग्नानंतर सोडले. तिने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. बोलेना. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या हातचं खाऊन ती गप्प झाली होती! पापण्यांच्या कडेला पाणीही चमकलं.

"आठवलं?" मी कुजबुजलो.

तिने नुसती मान हलवली आणि चमचा पुन्हा पातेल्यात घातला.

आता थांबतो कशाला? मी मिसो दुप्पट केला, शेवाळ तिप्पट केलं. लसूण सोनेरी झाली, तिच्यात मिसो विरघळला, वर शेवाळाचा चुरा पडला आणि असा काही वास उठला की खिडकीबाहेर उभं राहिलं तर जहाजाचा भोंगा ऐकू यावा! भोंगा ऐकू आलाही. तो कमिशनरचा होता.

कमिशनर म्हणजे खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंचा बोका. गलेलठ्ठ, एक कान फाटका. आजवर त्याने आमच्या दाराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आज तो उंबऱ्यावर बसून गळा काढत होता. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! अधिकृत पावतीच ती!

दुर्दैवाने ती पावती आईनेही वाचली.

"कमिशनर इथे काय करतोय?" तिने विचारलं. मग नाक वर केलं. मग पदर नाकाला लावला. "माझ्या स्वयंपाकघरात मासा?"

"नाही गं आई! हा मासा नाही!"

"मी एकवेळ तुला फसेन, पण तो बोका फसेल का?"

"आई, हे शेवाळ आहे. समुद्रातलं."

"समुद्रातलं!"

"म्हणजे पालेभाजीच. समुद्रातली पालेभाजी."

"पालेभाजी पोहायला कधी लागली रे? मी चालले माझ्या भावाकडे!"

आणि ती खरोखरच पलंगाखालून बॅग ओढू लागली.

हा गलका ऐकून सासरे बाहेर आले. त्यांना एवढंच कळलं की त्यांच्यासाठी या घरात मासा शिजला आणि विहीणबाई घर सोडून निघाल्या. त्यांचा चेहरा पडला. "माझ्यामुळे हे नको," म्हणाले, आत गेले आणि कोट चढवून बॅगेसकट परत आले. "रविवारपर्यंत कशाला? मी आत्ताच निघतो."

मी हतबुद्ध झालो. ज्यांना थांबवण्यासाठी एवढा खटाटोप, ते ठरल्याआधीच निघाले होते, आणि वर माझी जन्मदातीही! बैठकीच्या खोलीत दोन बॅगा, मध्ये बोका. आमचं घर बसस्थानकासारखं दिसत होतं. बायको दाराला पाठ लावून उभी राहिली.

"कुणीही जाणार नाही," ती म्हणाली. माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात मात्र मी गेलो तरी चालेल, असा स्पष्ट अर्थ होता.

"मासा नाही यात!" मी ओरडलो. "कुणालाही विचारा!"

"कुणाला विचारू?" आई म्हणाली. "या घरात मासा ओळखणारं आहे कोण?" एवढं बोलून ती स्वतःच थबकली आणि वळली. "अहो व्याही! तुम्ही सांगा. वेळ मारून नेऊ नका, खरं काय ते सांगा."

सासऱ्यांनी कोट काढला. बाह्या दुमडल्या. टेबलाशी बसले. मी ताट ठेवलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो.

त्या दोन मिनिटांत मी जे पाहिलं, ते विसरणं शक्य नाही. काल चमचा धरताना थरथरणारा तो हात आज स्थिर झाला होता. त्यांनी ताट किंचित फिरवलं. वाफ नाकाने नव्हे, जणू कपाळाने हुंगली. पास्त्याची एकच शेव उचलून प्रकाशात धरली, तेल कसं चिकटलंय ते पाहिलं आणि ती तोंडात सोडली. चावले. थांबले. डोळे कुठेतरी लांब लागले. देवळात घंटा वाजून गेल्यावर जसं शांत होतं, तसं झालं. कमिशनरसुद्धा गप्प!

"मासा नाही," ते म्हणाले.

"नक्की?" आई.

त्यांनी आणखी एक घास घेतला. "नक्की."

"पण वास?"

आणखी दोन घास. "शेवाळाचा."

"तळाशी दडवला असेल तर?"

"तेही बघायला हवं," सासरे गंभीरपणे म्हणाले आणि तळापर्यंत बघून आले. ताट लख्ख! आमच्या घरात त्यांनी संपवलेलं ते पहिलं ताट. बायकोने तोंडावर हात घेतला. माझी छाती फुगून शर्टाचं बटण ताणलं.

"बाबा, पण चव माशाचीच ना?"

"माशाची? छे! माशाचा हिच्याशी काही संबंध नाही." त्यांनी काट्याला चिकटलेलं तेल चाटलं. "आणि मासा कुणाला हवाय? जन्मभर साफ केले. आता नाव काढलं तरी हाताला वास येतो."

"मग... एवढं कशाने आवडलं?"

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जावईबापू, मीठ."

"मी मिठाचा कणही घातलेला नाही!"

"तुम्ही नाही घातलं. ऑलिव्ह मिठातले. कळ्या मिठातल्या. तो लगदा तर निम्मा मीठच! या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा जिभेला काहीतरी लागलं."

आई एव्हाना पातेल्यापाशी पोचली होती. तिने एक चमचा तोंडात टाकला आणि भिंतीचा आधार घेतला. "अगं बाई," ती एवढंच म्हणाली. मग दुसरा चमचा.

"तूही?" मी बायकोकडे वळलो. "मग तेव्हा डोळ्यांत पाणी?"

"मला वाटलं, मी काही बोलले तर तू ते काढून टाकशील!"

"व्याही," आई तोंडातला घास सांभाळत म्हणाली, "कोट तो तिकडे खुंटीला अडकवा. रविवारचं काही बोलू नका. तुम्ही गेलात तर आमचं काय होणार?"

"विहीणबाई, रोज मला चूल मिळेल?"

"चूल घ्या, कपाट घ्या, हा मुलगा घ्या! पण थांबा."

सासरे हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. कोट खुंटीवर गेला.

मग सगळे टेबलाशी बसले. माझा रक्तदाब सर्वांच्या लक्षात होता, त्यामुळे मला वाडग्यात नुसता उकडलेला पास्ता मिळाला. मी पहिला घास घेतला. ओला पुठ्ठा! आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेलं वर्षभर मी या तिघांना... म्हणजे आईला, बायकोला आणि हल्ली सासऱ्यांना, हेच वाढत आलो होतो. आणि एक शब्द नाही! "छान आहे हं" म्हणत गिळत होते, केवळ मला वाईट वाटू नये म्हणून! माणसं माणसावर इतकी माया करू शकतात? भारावून मी बायकोकडे बघत राहिलो.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "पातेलं घासायला घे. तळाला मात्र हात लावू नकोस, तिथलं बाबांना हवंय."