पटकीची पटकी

आमच्या गल्लीत कुणाला शिवी द्यायची, तर गुरुपादअप्पा घरात नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी लागे. त्यातून "पटकी येवो मेल्याला" ही माझी आवडती शिवी. ती तोंडातून सुटली की समोरचं दार उघडलंच म्हणून समजा. एका गालाला साबण, हातात वस्तरा आणि अप्पा रस्त्यात.

"अक्का, माणसाला कशाला? पटकीलाच पटकी येवो म्हणा!"

मग शिवी खाल्लेला टँकरवाला फिदीफिदी हसायचा आणि माझा राग फुकट जायचा.

अप्पा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. एकटेच राहायचे. लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. पाट्यांवर तालुका खोडून जिल्हा लिहून झालं, पेढे वाटून झाले आणि पाऊस तेवढा जिल्हा सोडून गेला. विहिरी तळाला लागल्या. टँकर आला की आम्ही बायका घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर जायचो. अप्पा मात्र आपली बादली भरली की तिला हात जोडायचे. घरात पाणी प्यायच्या आधी पेल्याला हात जोडायचे, हॉटेलात गेले तरी तेच.

"पाण्यात गंगामाई दिसती का काय तुमाला?" मी एकदा विचारलंच.

"शिपाई दिसतेत. पटकीचा, म्हंजी कॉलऱ्याचा जंतू असतो न्हवं, त्यालाबी रोग होतो. त्याच्याहून लई बारीक विषाणू त्याच्या अंगात शिरतेत, आत पिलावळ वाढवतेत अन् त्याला फोडून भाईर पडतेत. साथ वाढली की पाण्यात शिपाईबी वाढतेत. मग साथ बसती."

"मग सगळे जंतू मरून का जात न्हाईत?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. अप्पांनी माझ्या उंबऱ्यावरच बैठक मारली. सार एवढंच, की हे तालमीतल्या दोन पैलवानांसारखं आहे. एकानं डाव टाकला की दुसरा तोड काढतो. शिपायाच्या तावडीतून जो जंतू सुटतो तो जरा वेगळा असतो, त्याची पिल्लंही तशीच निघतात. मग शिपायालाही बदलावं लागतं. "ही कुस्ती कवाच सुटत न्हाई, अक्का," असं म्हणून ते उठले. तोवर माझी डाळ करपली होती. जाता जाता त्या डाळीलाही नावं ठेवून गेले.

त्याच उन्हाळ्यात माझी महानंदा आजारी पडली. एवढीशी पोर. सकाळपासून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब आणि उलट्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, हाक मारली तर ओ देईना. आमचे हे डाळमिलमध्ये. मी पोरीला उचलून समोरच्या दारावर धडकले.

"अप्पा, तुमचे शिपाई पाजा हिला! आत्ताच्या आत्ता पाजा!"

अप्पांचा चेहरा उतरला. "न्हाई, अक्का. ते माझं ऐकत न्हाईत."

पण ते थांबले नाहीत. उकळून गार केलेलं पाणी, साखर, मीठ, तांब्या, चमचा. रिक्षात महानंदाला त्यांनीच मांडीवर घेतली. ती ओकायची, अप्पा जरा थांबायचे आणि पुन्हा चमचा तिच्या ओठाला लावायचे. त्यांचं धोतर भिजून गेलं. रिक्षावाल्यानं चाक खड्ड्यात घातलं तेव्हा "पटकी येवो तुला!" म्हणून जो ओरडला, तो माणूस खुद्द गुरुपादअप्पा होता.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागली. दिवेलागणीला पोरीनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. मी सांगायला बाहेर आले, तर अप्पा भिंतीकडे तोंड करून रडत होते.

"माझी धाकटी बहीण एवढीच हुती. आमच्या गावाकडं, नायगावात, पटकीनंच गेली. पाणी मागायली हुती, अक्का. पटकी झालेल्याला पाणी देऊ नका म्हनले मोठी मानसं. म्याबी दिलं न्हाई. पुढं साथ आपसूक बसली. कॉलेजात शिकलो तवा वाटलं, पाण्यात तिच्या बाजूनं कुणीतरी लढलं असंल. तवापासून हात जोडतो."

त्या दिवसापासून मी लिंगपूजेला बसले की आधी अप्पांचं नाव घेते. देव रागावत असेल तर रागावो बापडा.

पुढे महानंदा लग्न होऊन उदगीरला गेली, अप्पा निवृत्त झाले. आणि एके दिवशी त्यांनी पाण्याला हात जोडणं बंद केलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मासिकात वाचलं. पटकीच्या जंतूचं विष मूळचं त्याचं न्हाईच. असाच एक विषाणू जंतूच्या अंगात शिरला. त्याला मारलं न्हाई. इख करायची विद्या देऊन तिथंच राहिला. शिपायाच्याच भावकीनं मारली माझ्या बहिणीला. अन् मी जन्मभर हात जोडत बसलो!"

त्यांनी आमच्या शिव्या दुरुस्त करणंही सोडलं. मी मुद्दाम दारात उभी राहून खणखणीत "पटकी येवो!" म्हणायची, तरी समोरचं दार उघडेना. मला फार वाईट वाटायचं.

दिवाळीला महानंदा माहेरी आली. तिला सगळं सांगितलं. ती तांब्या-पेला घेऊन तडक समोर गेली, मी मागोमाग. अप्पांनी पेला घेतला. हात जोडले नाहीत. महानंदानं जोडले. पाण्याला नाही, त्यांना.

"अप्पा, शिपाई कुणाच्या बाजूचे असतील ते असू द्या. चमचा तुमचा होता."

अप्पांनी पेला खाली ठेवला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग घसा खाकरून एकदम मास्तरकीच्या आवाजात म्हणाले,

"पाणी उकळलंय का?"